राहुईत अडकलेली माळ

आमच्या घरात सुट्टी घेऊन कुठे फिरायला जायची पद्धत नव्हती. इचलकरंजीत सुट्टी म्हणजे एक तर संप नाहीतर टाळेबंदी, आणि दोन्हींत माणूस गेटवर बसतो, समुद्रावर जात नाही. आमचे आप्पा यंत्रमागावरच कामाला, आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. ती भिंतीवर चिकटवायला लागणारी खळ आई घरीच शिजवायची आणि ताई आणि मी ती बादलीतून आप्पांच्या मागे घेऊन फिरायचो. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. मला वाचता आलेला पहिला जोडाक्षर नसलेला लांब शब्द ‘निषेध’ होता, असं आप्पा अजून पाहुण्यांना सांगतात.

अशा घरातल्या मुलीने २०२१ च्या नोव्हेंबरात, जग अजून नाकावर फडकं बांधून फिरत असताना, पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर बारा दिवस नारळाचं दूध पीत घालवले, याचा खुलासा आधी केला पाहिजे.

माझी ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पुण्याला फ्रेंच घेऊन एम. ए. झाली आणि लग्नानंतर भाऊजींच्या मागोमाग आइंडहोव्हनला आली. भाऊजी चिप बनवणारी यंत्रं उभी करून देणारे इंजिनिअर. मी नंतर कितीतरी वर्षांनी एनस्खेडेला आले, जुन्या कापडापासून नवा धागा कसा काढायचा यावर संशोधन करायला. ताई आणि भाऊजींनी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला ताहितीची सहल ठरवली होती. ती महामारीने दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा तारीख आली तेव्हा भाऊजींना कंपनीने तैवानला धाडलं, आणि ते तिथल्या हॉटेलात विलगीकरणात खिडकीतून दिसणारा एक पूल बघत बसले. पुन्हा तारीख बदलून मिळणार नव्हती. तेव्हा ताईने मला फोन केला.

हा फोन मला किती महत्त्वाचा होता ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी मी एका दिवाळी अंकात ‘आश्रित’ नावाचा लेख लिहिला होता. नवऱ्याच्या परवान्यावर परदेशात आलेल्या शिकलेल्या बायकांवर. त्यात एक बाई होती: आइंडहोव्हनमध्ये राहणारी, नवरा इंजिनिअर, स्वतः फ्रेंचची एम. ए. नाव घातलं नव्हतं. पण आइंडहोव्हनच्या मराठी मंडळींत फ्रेंचची एम. ए. एकच होती. ‘तिची फ्रेंच आता मसाल्याच्या डब्यात पडून आहे,’ असं एक वाक्य मी लिहिलं होतं आणि त्या वाक्यावर फार खूश होते. त्यानंतर ताई भांडली नाही. ती फक्त मला ‘रेवे’ म्हणायची थांबली आणि ‘रेवती’ म्हणायला लागली. महिन्यातून एकदा फोन, तब्येत, जेवण, आप्पांचा खोकला, ठेवते मग. वर्षभर असं चाललं.

फोनवर ती म्हणाली, “येतेस का? नाहीतर जागा रिकामी जाईल.”

मी विमानप्रवासाविरुद्ध विद्यापीठाच्या दारात पत्रकं वाटलेली होती, त्यावर माझी सहीसुद्धा होती. मी लगेच हो म्हटलं.

“एक अट आहे,” ताई म्हणाली. “तिथलं काय पाहिजे ते लिही. माझ्याबद्दल एक ओळ नाही.”

ही अट मी या लेखात पाळलेली नाही हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. त्याचं काय झालं ते शेवटी येईल.

पापेएते

मधला प्रवास सांगण्यासारखा नाही. पॅरिसहून निघालो, एका मोठ्या विमानतळावर तेल भरायला थांबलो, दोनदा नाकात काडी गेली, तीनदा कागद दाखवले, आणि घड्याळ अकरा तास मागे गेलं. मास्क लावून इतके तास बसल्यावर कान दुखतात एवढंच नवं कळलं.

पापेएते ही ताहितीची राजधानी. तिथल्या बाजारात आम्हाला एक दुपार मिळाली. पहिल्या मजल्यावर रंगीत कापडांच्या थप्प्या लागल्या होत्या. त्याला तिथे पारेओ म्हणतात, बायका आणि पुरुष दोघेही कमरेला गुंडाळतात. यंत्रमागवाल्याच्या मुलीने कापड बघितलं की हात आधी काठाकडे जातो. मी काठ उलटून बघितला, बोटांनी धागा चाचपला, छपाईची मागची बाजू बघितली आणि ताईला म्हटलं, हे इथलं नाही, कुठल्यातरी मोठ्या गिरणीतून गठ्ठ्याने आलंय, वर फक्त ‘ताहिती’ छापलंय, ही सरळ फसवणूक आहे, विचार बाईंना.

ताईने विचारलं. ती बाई मोठ्याने हसली आणि बराच वेळ बोलली. ताईही हसली, काहीतरी उलट बोलली, आणि दोघी मैत्रिणींसारख्या गप्पा मारायला लागल्या. मी मध्ये उभी. मला फ्रेंचमधले धन्यवाद आणि शुभ रात्री एवढेच शब्द येत होते, आणि दुपारचे तीन वाजले होते.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, कापड बाहेरूनच येतं, शंभर वर्षं बाहेरूनच येतंय, यात लपवायचं काय. गाठ मारायची पद्धत इथली आहे. ती पाहिजे तर शिकवते.”

ताईने सात प्रकारच्या गाठी शिकून घेतल्या. निघताना मी म्हटलं की तुझी फ्रेंच छान आहे गं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मसाल्याच्या डब्यातून काढली.”

हुआहीने

दुसऱ्या दिवशी पंख्याच्या छोट्या विमानाने आम्ही हुआहीनेला गेलो. पोस्टकार्डावर असतात तशा पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या झोपड्या भाऊजींना पाहिजे होत्या, पण तारीख बदलताना त्या हातच्या गेल्या आणि आम्हाला एका बाईंच्या घरची खोली मिळाली. मला आनंदच झाला. त्या झोपड्यांची फरशी कोण पुसतं यावर माझं निम्मं पत्रक मनात तयार होतं.

बाईंचं नाव तेउरा. साठीच्या, अंगाने दणकट, जास्वंदीच्या फुलांच्या कापडाचा मास्क आणि त्याच कापडाचा झगा. महामारीआधी पाहुण्यांच्या गालाला गाल लावून स्वागत करायचे, म्हणाल्या. आता त्यांनी लांबूनच दोन माळा पुढे केल्या आणि आम्ही त्या आपल्याच हाताने आपल्या गळ्यात घातल्या. माळ टिआरेच्या फुलांची. टिआरे म्हणजे आपला अनंतच, फक्त पाकळ्या मोजक्या. मास्क असूनही वास आत आला. ताईने मास्क खाली केला, डोळे मिटले आणि मग घाईने पुन्हा वर केला.

पहिले दोन दिवस मी नुसती बघत होते. रस्त्याकडेला प्रत्येक घरासमोर खांबावर लांबट पेटी होती. मला वाटलं टपालपेट्या, आणि जीव सुखावला, कारण हॉलंडमध्ये निम्म्या दारांवर ‘पत्रकं नकोत’ असं स्टिकर लावलेलं असतं आणि पत्रकं वाटणाऱ्या माणसाला ते रोज नव्याने लागतं. पण सकाळी एक गाडी आली आणि त्या पेट्यांत लांब लांब पाव टाकून गेली. वाचायला नव्हे, खायला.

अंगणात मृतांची थडगी असतात, वर पत्र्याचं छप्पर, भोवती फुलझाडं. तेउराबाईंच्या अंगणात त्यांची आई आणि नवरा. सकाळी झाडताना त्या दोघांशी बोलतात. जेवायला त्यांनी पहिल्या दिवशी अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून शिजवलेली कोंबडी केली. पहिल्या घासाला ताई म्हणाली, ही आपली अळूची भाजी आहे, चिंचगूळ विसरलेली. दुसऱ्या दिवशी कच्चा ट्यूना मासा लिंबाच्या रसात आणि नारळाच्या दुधात. मी आधी शंका घेतली, मग दोनदा वाढून घेतला. आम्ही नेलेला दिवाळीचा चिवडा तेउराबाईंनी वाटीभर खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि डबाच मागून घेतला.

हे सगळं मला ताईकडून कळत होतं. भात आणखी हवा का, पाणी प्यायचं कुठलं, कुत्रं चावतं का, सगळं ताईला विचारून. पाचव्या वेळी विचारलं तेव्हा तेउराबाई काहीतरी बोलल्या आणि ताईला ठसका लागला.

“काय?”

“विचारतायत, तुझी बहीण मुकी आहे का.”

त्या दिवसापासून मी त्या घरात ‘मुकी’ झाले. आप्पांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसले की खोकला आला.

आणखी एक सांगण्यासारखं आहे. हॉलंडमध्ये माणसाने समुद्राला भिंत घातली, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. इथे भिंत आधीपासून आहे आणि ती जिवंत आहे. किनाऱ्यापासून बरंच आत प्रवाळाचं कडं आहे, त्याच्यावर महासागर दिवसभर आपटत असतो, पांढरी रेघ दिसते, घुमल्यासारखा आवाज येतो. कड्याच्या अलीकडे पाणी तलावासारखं गप्प. आणि भरती रोज दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमारासच. आमच्याकडे रोज वेळ सरकते, म्हणून डच माणूस भिंतीवर भरतीचं वेळापत्रक लावतो. ते मी सांगितलं, ताईमार्फत, तर तेउराबाईंना कीव आली. समुद्र पण अपॉइंटमेंट घेऊन येतो का तुमच्याकडे, असं त्यांनी विचारलं.

माळ

तिसऱ्या दिवशी माळा सुकल्या. मी माझी कचऱ्याच्या टोपलीत टाकणार, तेवढ्यात ताईने हात धरला.

“फुलं कचऱ्यात टाकतात का?”

“आप्पांनी निर्माल्यावर पत्रक काढलं होतं,” मी म्हटलं. “नदी कशाने घाण होते त्यावर. तूच खळ लावली होतीस.”

“खळ लावली होती. फुलं कचऱ्यात टाकीन असं म्हटलं नव्हतं.”

वर्षभरात ती माझ्याशी पहिल्यांदा वाद घालत होती, तेव्हा मी मुकाट्याने हरले. संध्याकाळच्या आधी आम्ही दोघी लाकडी धक्क्यावर गेलो. ताईने दोऱ्यात प्लास्टिक नाही ना ते तपासलं. तो केळीच्या सोपटाचा होता. मग दोन्ही माळा एकत्र गुंफून पाण्यात सोडल्या आणि सवयीने हात जोडले. माझेही हात निम्मे वर आले. मी ते पाठीमागे नेले.

सकाळी उठलो तर व्हरांड्यात तेउराबाई गंभीर चेहऱ्याने बसलेल्या. टेबलावर शिंपल्यांच्या दोन माळा, केळीच्या पानात बांधलेला खाऊ, आणि आमच्या विमानाच्या वेळा लिहिलेला कागद. त्यांनी ताईला हळू आवाजात काहीतरी विचारलं. ताईचा चेहरा पांढरा पडला.

झालं होतं असं. तिथे येणाऱ्याला फुलांची माळ घालतात आणि जाणाऱ्याला शिंपल्यांची. बेट सोडून जाताना पाहुणा फुलांची माळ समुद्रात टाकतो. ती किनाऱ्याला परत लागली तर पाहुणा पुन्हा येणार, वाहून गेली तर नाही. जोडीने, हात जोडून, तिसऱ्याच दिवशी माळ टाकणारे पाहुणे तेउराबाईंनी आजवर बघितले नव्हते. त्यांना वाटलं, आम्ही नाराज होऊन निघालो. मासा कच्चा होता म्हणून का, की अंगणातल्या थडग्यांना भ्यालो, असं त्या विचारत होत्या. वर्षभर घर रिकामं होतं, आम्ही पहिलेच पाहुणे.

ताईने त्यांना निर्माल्य समजावून सांगितलं. एका शब्दाला तिला दहा वाक्यं लागली. वाहिलेलं फूल शिळं झालं तरी केर होत नाही, त्याला पायाखाली येऊ द्यायचं नसतं, पाण्याला द्यायचं. तेउराबाई ऐकत गेल्या तसा चेहरा सैल झाला. शेवटी त्या हसल्या, शिंपल्याच्या माळा उचलून कपाटात ठेवल्या आणि खाऊ मात्र आत्ताच खा म्हणाल्या.

मग त्यांनी पाण्याकडे बोट केलं. आमची माळ गेलीही नव्हती आणि किनाऱ्याला लागलीही नव्हती. उजवीकडे पाण्यात एक खांब होता, त्याला नारळाची झावळी बांधलेली. त्या खांबाला माळ अडकली होती.

राहुई

आता माझा गाढवपणा. ताईला मनस्ताप झाला तो माझ्यामुळे नाही, हे खरं, पण मला काहीतरी करून दाखवायचं होतं. माळ काढून आणते, असं म्हणत मी गुडघाभर पाण्यात उतरले. पाणी इतकं स्वच्छ की पायाची नखं दिसत होती. खांबाजवळ मासेच मासे: पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, एक पोपटी रंगाचा मोठा प्रवाळ कुरतडत होता आणि त्याचा कुरकुर आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. मी हात लांब केला आणि मागून कोणीतरी शिट्टी मारली.

नावेच्या शेडजवळ एक म्हातारा उभा होता. तेउराबाईंचे मोठे भाऊ, तिहोनी. सत्तरीच्या पुढचे, उघडे, मानेवर ऊन खाऊन चामड्यासारखी झालेली कातडी. ते ओरडले नाहीत. बोटाने बाहेर ये एवढीच खूण केली.

मी बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं आणि ताईने मला सांगितलं. त्या खांबापासून पलीकडच्या खांबापर्यंत राहुई आहे. राहुई म्हणजे गावाने मिळून घातलेली बंदी. अमुक एवढं पाणी अमुक इतके महिने बंद. तिथून मासा काढायचा नाही, शिंपला काढायचा नाही, प्रवाळाला हात लावायचा नाही. मासे कमी झाले की गाव बसतं, ठरवतं, झावळी बांधतं. मासे वाढले की पुन्हा बसतं आणि उघडतं. पहारेकरी नाही. मी खोदून खोदून विचारलं, दंड किती, पोलीस कोण, मोडणाऱ्याचं काय करता. तिहोनी म्हणाले, त्याच्याकडे बघतात.

“पण माळ आमचीच आहे,” मी म्हटलं. “मासा थोडाच काढतेय.”

ताईने ते सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली. आत गेलं ते आतलं. तुझं असलं तरी.

आणि ती परत येणार की नाही, त्याचा अर्थ काय धरायचा, असं ताईने आपणहून विचारलं. तिहोनींनी माळेकडे डोळे बारीक करून बघितलं, जसं आपल्याकडे माणसं आभाळाकडे बघतात.

“म्हणतात, अजून ठरलेलं नाही,” ताई म्हणाली. तेवढ्यासाठी तिने माझ्याकडे बघितलं.

मला हा कायदा फार आवडला हे कबूल करते. मी आयुष्यभर बंदीच्या विरोधात बोलत आले. सभेला बंदी, पत्रकाला बंदी, आणि या दोन वर्षांत घराबाहेर पडायला बंदी. ज्याच्यावर लादली जाते त्यानेच बसून घातलेली, आणि मोकळं करायची वेळही त्यानेच ठरवलेली बंदी मी पहिल्यांदा बघत होते. वहीत पाच पानं लिहिली.

त्या पाच पानांनीच पुढचा घोळ केला. तेउराबाईंनी जेवताना सहज सांगितलं होतं की भाऊ तरुणपणी तीन वर्षं मोरुरोआला सुतारकाम करत होता. मोरुरोआ म्हणजे पुष्कळ दूर आग्नेयेला असलेलं प्रवाळबेट, जिथे फ्रान्सने तीस वर्षं अणुस्फोट केले. हे कळल्यावर माझी झोप उडाली. आप्पांच्या पत्रकांत या बेटाचं नाव मी लहानपणी वाचलं होतं, आणि तिथे काम केलेला माणूस माझ्यापासून पन्नास पावलांवर जाळं शिवत बसलेला.

मी ताईच्या मागे लागले, त्यांना विचार. ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, “कशासाठी विचारायचं, ते आधी त्यांना सांगू.”

दुपारी बाराच्या भरतीला आम्ही शेडमध्ये गेलो. ताईने त्यांना माझी ओळख करून दिली: ही लिहिते, छापते, तुम्ही सांगाल ते लिहील. तिहोनींनी माझ्या वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, मी तुला सांगतो, आणि तिला काय द्यायचं ते तू ठरव. हे ते ताईला म्हणाले.

ते अर्धा तास बोलले असतील. सुरुवातीचं ताईने मला वाक्यावाक्याने दिलं. पगार चांगला, जेवण चांगलं, बिअर थंड. वयाची विशी, त्यामुळे सगळं चांगलंच. स्फोटाच्या दिवशी पाठ करून बसा म्हणायचे. कपडे परत द्यायचे, आंघोळ करायची, पुन्हा कामाला. तिथलं पाणी माशांनी भरलेलं होतं, इथल्यापेक्षाही, पण फलक लावले होते की खायचा नाही.

“म्हणतात, ती पण राहुईच होती,” ताई म्हणाली. “पण ती आम्ही घातलेली नव्हती. आणि ती कधी उघडलीच नाही.”

त्यानंतर तिहोनी बोलत राहिले आणि ताई गप्प झाली. ती नुसती ऐकत होती. मी दोनदा तिच्या दंडाला हात लावला, तिने तो बाजूला केला. एकदा तिने एक छोटा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर देताना हातातली सुई खाली ठेवली. मग ते उठले, पाण्यापर्यंत गेले, तोंड धुतलं आणि जाळं घेऊन घरी गेले.

“पुढचं काय?” मी विचारलं.

“पुढचं त्यांनी मला सांगितलं.”

नीरफणस

दुपारनंतर तेउराबाईंनी आम्हाला अंगणात बसवलं. विस्तवात अख्खे भाजलेले नीरफणस काळे कोळशासारखे झाले होते, ते सोलायचे होते. कोकणातल्या वाचकांना नीरफणस ठाऊक असेल. आम्ही घाटावरच्या, आम्हाला तो तिथेच भेटला. तिथे तो रोजचा, भातासारखा. बाहेरचं जळकं साल खरवडलं की आतून ताज्या पावासारखा वास येतो.

मी खरवडत होते आणि बोलत होते. असं कसं चालेल, हा इतिहास आहे, हा एकट्या माणसाचा नाही, असल्या गोष्टी दाबल्या म्हणूनच त्यांचं फावलं, त्या बाहेर आल्याच पाहिजेत, तुला काय अधिकार मध्ये धरून ठेवायचा. मला वाटतं मी बरंच चांगलं बोलत होते. तेउराबाई थडग्याजवळ झाडत होत्या, त्यांनी मुकीला वाचा फुटलेली बघून झाडू थांबवला.

ताईने माझं सगळं ऐकून घेतलं.

“लेख आला तेव्हा मी फोन केला होता, आठवतं?” ती म्हणाली. “तेव्हा तू हेच बोलली होतीस. हा एकटीचा प्रश्न नाही, बाहेर आलंच पाहिजे.”

“लेख चुकीचा नव्हता.”

“कशी होते मी, तुझ्या लेखात?”

मी साल खरवडत राहिले.

ताईने सुरी खाली ठेवली. तो अंक आला, त्या महिन्यात तिला कामाचा पहिला मोठा करार मिळाला होता. यंत्रांच्या पुस्तिका फ्रेंचमधून इंग्रजीत आणायचं काम. ती त्याआधी दोन वर्षं छोटी छोटी कामं करत होती, स्वतःच्या नावाने व्यवसायाची नोंदणीही केली होती. फक्त भाऊजींना माहीत होतं. टिकलं तरच सांगायचं असं तिने ठरवलं होतं, कारण पहिल्या तीन प्रयत्नांची मंडळींत पुष्कळ चर्चा झाली होती. दिवाळीच्या फराळाला ऑनलाइन सगळे जमणार होते, तेव्हा सांगणार होती. पण तोवर सगळ्यांनी लेख वाचला होता. सगळे तिचं सांत्वन करायला लागले. एकीने तिला धीर धर म्हटलं. एकीने मसाल्याच्या डब्याचं वाक्य वाचून दाखवलं आणि डोळे पुसले.

“मग मी काय सांगणार?” ताई म्हणाली. “की लेखातली बाई खोटी आहे? माझ्याच बहिणीने लिहिलेली?”

“मला माहीत नव्हतं.”

“तू विचारलं नव्हतंस.”

“नव्हतं विचारलं.”

हे दोन शब्द बोलायला मला फार वेळ लागला. पुढेही काहीतरी बोलायला हवं होतं. मी आप्पांच्या पत्रकांतला प्रत्येक शब्द आठवून बघितला; त्यांत निषेध होता, मागणी होती, इशारा होता. चुकलं, असं म्हणणारं एकही पत्रक आमच्या घरात निघालं नव्हतं. शेवटी मी ते साध्या शब्दांत म्हटलं. ताईने नीरफणसाचा एक वाफाळता तुकडा तोडून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “फुंकून खा. आत जास्त गरम असतं.”

उरलेले दिवस आम्ही हिंडलो. मायेव्हा गावी दगडी भिंतींचे जुने सापळे बघितले, पाण्याच्या प्रवाहात बाणाच्या टोकासारखे रचलेले, मासा आपणहून आत येतो आणि बाहेरची वाट विसरतो. व्हॅनिलाच्या मळ्यात एक बाई काडीने एकेका फुलाचं परागण करत होती, कारण फूल एकच सकाळ उघडतं आणि ते करणारी माशी त्या बेटावर नाही. माझ्या पाठीची सालं निघाली. तिहोनी रोज दिसायचे, मान हलवायचे. मी त्यांना पुन्हा काही विचारलं नाही, आणि ताईलाही नाही. एकदा मात्र मी तिच्याकडून एक फ्रेंच वाक्य शिकून गेले आणि शेडजवळ जाऊन त्यांना म्हटलं. जाळं शिवायला शिकवाल का, एवढंच. त्यांनी शिकवलं. मी यंत्रमागवाल्याची मुलगी आहे, गाठ लवकर बसली.

निघताना शिंपल्याच्या माळा कपाटातून पुन्हा बाहेर आल्या. खांबाजवळ आमच्या माळेचा दोरा आणि काळी पडलेली चार फुलं अजून होती.

एनस्खेडे

परत आलो तेव्हा इथे पुन्हा निर्बंध लागले होते. संध्याकाळी पाचला सगळं बंद, रस्त्यावर फक्त सायकलींचे दिवे. त्या अंधारात मी हा लेख लिहिला. ताईची अट मोडूनच लिहिला, कारण तिला वगळून त्या बेटावर मला काही ऐकूच आलं नव्हतं. पण छापायच्या आधी तो तिला पाठवला. आजवर मी कोणाबद्दल लिहिलेलं त्याला आधी दाखवलं नव्हतं. नको म्हणालीस तर फाडते, असंही कळवलं.

चार दिवसांनी तो परत आला, अनुवादक तपासतात तसा तपासून. दोन आकडे आणि एक माशाचा रंग दुरुस्त केलेला. ‘गंभीर चेहऱ्याने’ याच्यापुढे तिने लिहिलं होतं, ‘घाबरलेल्या होत्या, गंभीर नव्हे. पण राहू दे, तुला तसं दिसलं.’ व्यवसायाची नोंदणी आणि कराराबद्दलचा भाग मी भीत भीत ठेवला होता. त्याच्या समासात फक्त ‘हे राहू दे’ होतं. एक परिच्छेद मात्र पूर्ण खोडलेला. नीरफणस खाऊन झाल्यावर आम्ही दोघी काय बोललो, तो. समासात तिने एक खांब काढला होता, वर झावळी.

म्हणून तो इथे नाही. वाचकांनी रागावू नये.

परवा ती मला भेटायला आली. आगगाडीत मास्क लावून तीन तास. चहा घेताना तिचा फोन वाजला. तेउराबाईंचा निरोप, त्या दोघी आता एकमेकींना नेहमी लिहितात. गाव बसलं होतं, राहुई आणखी सहा महिने वाढवली. माळेचा दोरा तिहोनींनी रोज बघायचं ठरवलंय. निरोप बराच लांब होता. ताई शेवटपर्यंत वाचत गेली आणि एका ठिकाणी थांबून हसली.

“आणखी काय म्हणतायत?” मी विचारलं. “सांगणार आहेस?”

“बघू,” ताई म्हणाली. “रेवे, चहात साखर विसरलीस.”

मी साखर आणायला उठले.